व्हाइसचे जबडे आणि कोंबड्याची पिसं

मासेमारीच्या कृत्रिम माशा घरी बांधण्याबद्दल या सदरात लिहिल्यापासून पत्रं येतच आहेत. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गळावर दोरा, पीस, लोकर, तार गुंडाळून किडा किंवा छोटा मासा तयार करायचा, त्याला फ्लाय म्हणतात. बांधताना गळ धरून ठेवायला जे साधन लागतं तो व्हाइस. बहुतेकांच्या अडचणी या व्हाइसच्या आणि बांधायच्या सामानाच्या आहेत, म्हणून यावेळी तेवढंच घेतलं आहे.

प्रश्न: ताई, फ्लाय बांधायला शिकायचंय. व्हाइस विकत घेऊ की घरी करू? माझ्याकडे ड्रिल, हॅकसॉ, कानशी आहेत आणि हात बऱ्यापैकी बसलेला आहे. स्वस्तातला घेतला तर पस्तावेन का?

माझं काम टूलरूममधलं. त्यामुळे कुठलंही अवजार समोर आलं की मी आधी त्याची पकड बघते. व्हाइसमध्ये पैसे मोजायचे ते जबड्यांसाठी. खांब, पाया, तरफ यांत काही कमी-जास्त असलं तर चालवून घेता येतं, पण गळ सरकणाऱ्या जबड्यांना इलाज नाही.

घेण्याआधी एक परीक्षा कराच. सोबत दोन-तीन मापांचे गळ न्या. गळांच्या आकड्यांचा हिशेब उलटा असतो. 14 नंबरचा गळ 8 नंबरपेक्षा लहान. 1 च्या पुढे मोठ्या मापांना 1/0, 2/0 असे आकडे लागतात. गळाच्या वाकाचा खालचा भाग जबड्यात धरा, टोक आणि उलटा काटा बाहेर ठेवा, आणि नेढ्याजवळ दांडी बोटाने खाली दाबा. दांडी लवचीकपणे वाकून परत जागेवर आली तर पकड चांगली. गळ जबड्यात फिरला किंवा खाली घसरला तर तो व्हाइस परत ठेवा. हेच आधी बारीक गळावर आणि मग जाड गळावर करा. बारीक गळ धरायला जबड्यांची टोकं निमुळती हवीत, नाहीतर दोरा घेऊन बोटं फिरवायला जागा उरत नाही.

स्वस्त व्हाइस बहुधा थॉम्पसन मॉडेल ए या जुन्या अमेरिकी व्हाइसच्या धर्तीवर केलेले असतात. तरफ दाबली की जबडे नळीत मागे ओढले जातात आणि मिटतात. रचना उत्तम आहे, मला ती मनापासून आवडते. नकलांमध्ये खोट निघते ती पोलादात. गळ कडक पोलादाचा असतो. जबडे त्याहून मऊ असले की थोड्याच दिवसांत त्यांच्या आतल्या बाजूला गळाची चर पडते आणि पुढचा गळ त्या चरीत डोलायला लागतो. आतल्या बाजूवर कानशीचा कोपरा हलकेच ओढून बघा. कानस घसरून गेली तर पोलाद कडक, कीस निघाला तर मऊ. दुकानदाराने हे करू दिलं नाही, तर निदान वापरलेला नमुना दाखवायला सांगा. आणि गळाची जाडी बदलली की जबड्यांचं अंतर आधी जुळवून घ्या. जाड गळावर तरफ जोर लावून दाबली तर चांगल्या जबड्यांचीही टोकं उडतात.

आता घरी करायचा असेल तर. लांब नाकाची लॉकिंग पकड मिळाली, तर तिचा एक दांडा जाड लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवला की काम सुरू करता येतं. फक्त टोकं घासून निमुळती करताना दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवत जा. धातू निळसर झाला की त्याचा कडकपणा गेला म्हणून समजा. आतले दातेही सपाट करा, ते गळावर खुणा पाडतात.

तुमच्याकडे अवजारं आहेत, म्हणून मला खरं तर दोन स्क्रूंचा व्हाइस सुचवायचा आहे. जुन्या कानशीतून साधारण 60 मिमी लांब, 8 मिमी रुंद, 4 मिमी जाड अशा दोन पट्ट्या काढा. कानस आहे तशी कापली जाणार नाही. आधी ती लालभडक तापवा आणि राखेत पुरून सावकाश निवू द्या, म्हणजे मऊ होईल. दोन्ही पट्ट्या एकत्र धरून टोकापासून 20 मिमीवर आरपार भोक पाडा, त्यात एक स्क्रू. दुसरा स्क्रू शेपटाकडे, पण त्याचे आटे एकाच पट्टीत पाडायचे. त्याचं टोक समोरच्या पट्टीला नुसतं टेकेल. हा मागचा स्क्रू आवळला की शेपटं एकमेकांपासून लांब जातात आणि पुढची टोकं मिटतात. टूलमेकरच्या समांतर क्लॅम्पचं तत्त्व हेच. टोकांच्या मागे आतल्या बाजूने किंचित कानस मारून फट ठेवा, म्हणजे सगळा दाब टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरवर येतो. ही फट राहिली नाही तर बाकीचं सगळं सुबक असूनही गळ सुटतो.

सगळी भोकं आणि आकार झाल्यावर कडक करणं शेवटी. पट्टी लाल करा. तिला चुंबक चिकटेनासा झाला की अजून क्षणभर तापू द्या आणि तेलात बुडवा. हे उघड्यावर करा, लांब चिमटा वापरा आणि तेलाच्या भांड्यावर ठेवायला धातूचं झाकण हाताशी असू द्या, कारण तेल पेट घेऊ शकतं. आता ती काचेसारखी ठिसूळ झालेली असते. घासून चकचकीत करा आणि शेपटाकडून हळूहळू परत तापवा. गवती पिवळा रंग टोकाकडे सरकताना दिसेल. टोक गडद पिवळं झालं, म्हणजे साधारण 230 ते 240 अंश सेल्सिअसला, की ताबडतोब थंड करा. हा रंग सरकताना बघणं मला आजही आवडतं.

पाया जड हवा. लोखंडी पाट किंवा टेबलाला लावायचा शिकंजा, दोन्ही चालतं. कोपरं टेबलावर टेकून बसल्यावर बोटं आपोआप जिथे येतात, तिथे गळ आला पाहिजे. उंची कमी पडली तर मान दुखते आणि छंद सुटतो.

प्रश्न: फिरणारा, म्हणजे रोटरी व्हाइस घ्यायलाच हवा का?

नाही. फ्लायची पलीकडची बाजू बघायला आणि अंगावर तार सारख्या वेढ्यांनी चढवायला तो फार सोयीचा आहे, पण बोटांना दोऱ्याचा ताण कळेपर्यंत फिरवायची गरज पडत नाही. अमेरिकेतले ली वुल्फ तर व्हाइसशिवाय, गळ बोटांत धरून फ्लाय बांधत. घ्यायचाच असेल तर गळ लावून फिरवून बघा. दांडी एका जागी राहून फिरली पाहिजे. ती वर-खाली झोके घेत असेल, तर तो रोटरी म्हणून घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न: ताई, सामानाची यादी पाहून धास्ती वाटते. मॅराबू, हॅकल, शेनिल, डबिंग... एवढं सगळं कुठून आणायचं?

आणू नका. आधी एक फ्लाय निवडा आणि फक्त तिचं सामान जमवा. यादी करून पिशव्या भरणाऱ्यांची कपाटं भरतात, पेटीत फ्लाय येत नाहीत. हे मी कळकळीने सांगते आहे.

पहिली म्हणून वूली बगर घ्या. 8 किंवा 10 नंबरचा लांब दांडीचा गळ, शेपटीला मॅराबू, अंगाला शेनिल म्हणजे मऊ, केसाळ दोरी, वरून गुंडाळायला हॅकल म्हणजे कोंबड्याचं एक लांब पीस. मॅराबू हे पूर्वी मॅराबू करकोच्याचं पीस असे, आता पाळीव टर्कीचं मऊ पीस त्याच नावाने मिळतं. शेनिल नसेल तर लोकर गुंडाळा. माशाला पाण्यात जाणवतं ते शेपटीचं हलणं.

दुसरी म्हणून इंग्लंडमधले नदीरक्षक फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल निंफ. निंफ म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय. तिला दोराच लागत नाही. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि केसासारखी बारीक तांब्याची तार, एवढंच. अंग, वजन आणि बांधणी तिन्ही कामं ती तार करते. बंद पडलेल्या छोट्या मोटरमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये अशी तार रिळंच्या रिळं मिळते. मूळ निंफ तांबूस तारेची आहे, तेव्हा एनॅमलचा तांबूस रंग तसाच राहू द्या.

घरात डोळे उघडे ठेवून फिरलात तर आणखी पुष्कळ सापडेल. लोकरीचे तुकडे बारीक कातरून कुत्र्याच्या किंवा सशाच्या अंगच्या मऊ केसांत मिसळले की डबिंग, म्हणजे दोऱ्यावर वळून फ्लायचं अंग भरायचा कापूस, तयार झालं. तुटक्या फोमच्या चपलेतून तरंगणाऱ्या फ्लायचं अंग निघतं. शेवटच्या गाठीवर रंगहीन नेलपॉलिश चालतं.

कोंबड्याच्या पिसांसाठी खाटकाकडे जायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. मांसासाठी वाढवलेली कोंबडी काही आठवड्यांचीच असते, तिची पिसं पिकलेली नसतात. तुम्हाला म्हातारा कोंबडा हवा, मानेवरची आणि पाठीवरची पिसं. पीस घेऊन कमानीसारखं वाकवा. तंतू ताठ उभे राहिले आणि दांड्याजवळ पांढुरकी कापसासारखी पट्टी कमी असली, तर ते पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला चालेल. तंतूची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या, दीड ते दोन पट हवी. तंतू मऊ असतील तर ते पीस बुडणाऱ्या फ्लायला ठेवा, फेकू नका.

मिळवलेली पिसं कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, पिशवीत हवाबंद करा आणि काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढून एकदा परत तेच करा. कसर आणि केसाळ भुंगेऱ्यांच्या अळ्या अशा जातात. नवं सामान या फेऱ्यातून गेल्याशिवाय जुन्यात मिसळू नये.

प्रश्न: जंगलात पडलेली पिसं उचलून वापरली तर काय बिघडलं? पक्षी तर मारला नाही.

पक्षी मारला नाही, हे पीस बघून कुणालाच सांगता येत नाही. अनेक देशांचे कायदे म्हणूनच कडक आहेत. अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात संरक्षित पक्ष्याचं गळलेलं पीससुद्धा परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही. आपल्याकडचा कायदा आधी वाचा, मगच हात लावा.

या छंदाची पिसांशी जुनी देणी आहेत. व्हिक्टोरियन काळात सामन माशांसाठी बांधलेल्या फ्लायना दूरदूरच्या पक्ष्यांची पिसं जात. करड्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चमकणारे पिवळट ठिपके असतात, त्यांना बांधणाऱ्यांत अजूनही फार मागणी आहे, आणि त्या पक्ष्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती या जुन्या फ्लायच्या वेडापायीच. शास्त्रज्ञांनी नोंदींसकट जपलेली ती कातडी, आणि कित्येकांवरच्या नोंदीच काढून टाकलेल्या! मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं. पाळीव कोंबडीची रंगवलेली पिसं वापरा. मासा फरक करत नाही.

प्रश्न: दोरा सारखा तुटतो. माझा हात जड आहे का?

हात बघण्याआधी दोरा बघा. डेनिअर म्हणजे 9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. सुरुवातीला 140 घ्या, 70 डेनिअर बारीक गळांसाठी ठेवा. तरीही तुटत असेल तर बॉबिनच्या, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरणाऱ्या साधनाच्या, नळीच्या तोंडावरून जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा फिरवा. कुठे अडकला तर तिथे कंगोरा आहे. जाड सुती दोऱ्याला टूथपेस्ट लावून तो नळीतून पुढे-मागे ओढा, मोजा अडकेनासा होईपर्यंत. आणि तुटतो ती जागा दर वेळी गळाच्या टोकाजवळच असेल, तर बॉबिन खाली घेताना दोरा टोकावर घासतो आहे. बॉबिन टोकापासून जरा लांबून खाली घ्या. टोक झाकायला गळ जबड्यात खोल बसवावासा वाटेल. टोक आणि उलटा काटा मात्र जबड्यांनी दाबू नका, गळ तिथे तडकतो.