टायरवर ८५ लिहिलंय म्हणून ८५ मारायची?

प्रश्न: दादा नमस्कार, मी टिळकवाडीत राहतो, वजन ८२ किलो, हायब्रीड सायकल आहे, टायर ७०० बाय ३५. टायरवर मॅक्स ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलंय म्हणून दुकानात दर वेळी ८० हवा मारून घेतो. रविवारी जांबोटी रोडला जातो, परत येईपर्यंत हात बधिर होतात आणि पावसात वळणावर मागचं चाक सरकल्यासारखं वाटतं. ग्रुपवाले म्हणतात हवा कमी केलास की सायकल जड जाणार आणि पंक्चर होणार. किती ठेवायची समजेना झालंय.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: ८० खूपच जास्त होतंय हो, आधी ते कमी करा. ८५ ही टायरची हद्द आहे, त्याच्या वर जायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही ५० किलोचे की ९० किलोचे, जाणार कॉलेज रोडनं की जांबोटीच्या खडीवरून, हे टायर बनवणाऱ्याला काय माहीत? हवा ठरवायची ती आपलं वजन, टायरची रुंदी आणि रस्ता बघून.

तुमच्या वजनाला ३५ च्या, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ५० पासून सुरुवात करा. पुढे कमी का, तर सीटवर बसलं की साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो, तरी बहुतेक दुकानात दोन्हीकडे सारखीच हवा मारतात आणि तिथंच हाताची वाट लागते. मग रोजच्या वाटेवरचा एखादा खराब तुकडा धरा आणि प्रत्येक वेळी ३-४ पीएसआय कमी करून तिथूनच जाऊन बघा. हँडलची थरथर कमी होत जाईल, आणि एका टप्प्यावर खड्ड्यात रिम टेकल्याचा ठक्क आवाज येईल नाहीतर वळणावर सायकल लोळल्यासारखी वाटेल, तिथनं ५ वाढवा, तो तुमचा आकडा. वहीत लिहून ठेवा, कारण दर मीटरचा आकडा थोडा वेगळा असतो, त्यामुळे शक्यतो मीटरवाला स्वतःचा फ्लोअर पंप घ्या आणि तोच वापरा.

जड जाण्याचं म्हणाल तर गुळगुळीत डांबरावर टाईट टायर पळतो हे खरं, पण खडबडीत रस्त्यावर टाईट टायर प्रत्येक खडीवर सायकल आणि तुम्ही मिळून ९५ किलो वर उचलतो, ती ताकद तुमच्या पायातनंच जाते. थोडा मऊ टायर ती खडी स्वतःत दाबून घेतो आणि तुम्ही सरळ पुढे जाता. पावसातली पकडही त्यातनंच येते, हवा कमी तेवढा टायर जास्त जागेवर टेकतो. ओल्या रस्त्याला नेहमीपेक्षा ५ कमी चालेल.

आता पंक्चर. पंक्चर झालं की ट्यूब नीट बघायची सवय लावा. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या मध्ये चेंगरलीय, म्हणजे हवा खरंच कमी होती. एकच बारीक भोक असेल तर तो काटा किंवा तार, आणि बाभळीचा काटा काही हवा बघून शिरत नाही. तेव्हा टायरच्या आतनं जपून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.

पेट्रोल पंपावरची हवा शक्यतो टाळाच, सायकलच्या ट्यूबमध्ये जागाच एवढीशी की हातानं सोडलेली हवा क्षणात हद्दीबाहेर जाते. आणि कधी चोर्ला घाट उतरणार असाल आणि ब्रेक रिमला धरणारे असतील तर हद्दीला टेकलेली हवा घेऊन मुळीच उतरू नका, सतत ब्रेक दाबला की रिम तापते आणि आतली हवा आणखी वाढते.

प्रश्न: आमचे आबा जुन्या काळ्या सायकलला दुधाचे कॅन अडकवून रोज डेअरीला जातात. वॉलट्यूबवाला, म्हणजे बारीक रबरी नळी चढवलेला वॉल आहे, मीटर लावला की काहीही दाखवतो. हवा कशी मोजायची?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: त्या वॉलमधनं हवा उलटी बाहेर येत नाही, त्यामुळे मीटरला आतलं खरं प्रेशर कळतच नाही, मीटरचा दोष नाही. कॅन अडकवून आबांना सीटवर बसवा आणि तुम्ही मागनं बघा. मागचा टायर खाली जरासा फुगलेला दिसला पाहिजे, पसरलेला नको. पुढच्याला अंगठ्यानं दाबलं की किंचित दबला तरी बास. कॅन रिकामे असताना भरलेली हवा भरल्या कॅनला पुरणार नाही, म्हणून बघायचं ते लोड असतानाच. रोजच हवा उतरत असेल तर वॉलला थुंकी लावून बघा, बुडबुडा आला की वॉलट्यूब चिरलीय, ती बदलायला फार पैसे लागत नाहीत.