वजन जुळते, तरी भाग उलटा

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षात असून सॉलिडवर्क्स या त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरचा, त्याच्या सीएसडब्ल्यूए या प्रमाणपत्र परीक्षेसाठी, सराव करतो. सरावाच्या एका ड्रॉइंगमध्ये बिडाचा बेअरिंग ब्रॅकेट आहे. त्याची बैठक 120 × 60 × 15 मिलिमीटरची आहे. तिच्या मागच्या कडेशी समतल अशी 20 जाडीची आणि 60 रुंदीची भिंत मधोमध उभी असून तिचा माथा 30 त्रिज्येचा गोल आहे. गोलाचे केंद्र तळापासून 70 उंचीवर आहे आणि त्याच केंद्रावर 35 व्यासाचे आरपार छिद्र आहे. बैठकीत डाव्या कडेपासून 20 आणि 90 अंतरावर, पुढच्या कडेपासून 20 आत, 14 व्यासाची दोन छिद्रे आहेत. त्यांच्या टिपेत दुसऱ्या ओळीवर एका चिन्हापुढे 22 आणि बाणापुढे 6 असे लिहिले आहे. अपेक्षित वजन 1265 ग्रॅम दिले आहे, माझे 1284.6 ग्रॅम येते. सगळी मापे तीनदा तपासली, तरी चूक सापडत नाही. — एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : आपण दोन्ही आकडे कळवलेत हे फार बरे झाले, कारण चूक कोठे आहे हे या दोन आकड्यांतील फरकच सांगतो. फरक 19.6 ग्रॅमचा आहे. बिडाची घनता दर घन सेंटिमीटरला 7.2 ग्रॅम धरून भागले, तर आपल्या मॉडेलमध्ये सुमारे 2.7 घन सेंटिमीटर माल जास्तीचा राहिला आहे असे निघते. हा माल कोठे असू शकेल, एवढाच प्रश्न उरतो.

टिपेतील ज्या दुसऱ्या ओळीचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे, उत्तर तिच्यातच आहे. तोंड वर असलेल्या चौकोनी कपासारखे जे चिन्ह दिसते, ते काउंटरबोअरचे आहे, आणि आडव्या रेषेपासून खाली उतरणारा बाण खोली दाखवतो. म्हणजे बोल्टचे डोके बसावे म्हणून प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी 22 व्यासाचा, 6 मिलिमीटर खोल, सपाट तळाचा खड्डा हवा. 22 आणि 14 व्यासांच्या वर्तुळांमधील कड्याचे क्षेत्रफळ 226.2 चौरस मिलिमीटर भरते, त्याला 6 ने गुणले की 1357 घन मिलिमीटर, आणि दोन छिद्रांचे मिळून 2714. आपला जास्तीचा 2.7 घन सेंटिमीटर माल तो हाच. टॉप व्ह्यूमध्ये छिद्रांभोवती समकेंद्री दुहेरी वर्तुळे आणि फ्रंट व्ह्यूमध्ये त्यांच्या तुटक रेषा असणारच. त्या दिसल्या असूनही मॉडेलमध्ये का उतरल्या नाहीत, याचा शोध आपणच घ्यावा.

तीनदा तपासूनही चूक न सापडण्याचे कारण बहुधा असे, की आपण मॉडेलमध्ये जी मापे आहेत ती ड्रॉइंगशी ताडून पाहिलीत. तपासणीची दिशा उलटी हवी. ड्रॉइंगची छापील प्रत घ्यावी आणि जे माप मॉडेलमध्ये गेले त्यावर पेन्सिलीने बारीक खूण करावी. शेवटी ज्या आकड्यावर खूण नाही तो राहिलेला. सीएडीच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करण्याच्या, जमान्यात हे जुनाट वाटेल, पण माझ्या टेबलावर आजही पेन्सिल असते.

स्केच मापांनी पूर्ण बांधलेले असावे, म्हणजे सॉलिडवर्क्समध्ये त्यातील प्रत्येक रेषा निळी न राहता काळी झालेली असावी, हे आपल्याला शिकवले असेलच. मात्र काळ्या रंगाने समाधान मानू नये. ड्रॉइंगमध्ये दुसऱ्या छिद्राचे माप डाव्या कडेपासून 90 दिले असताना आपण मनात वजाबाकी करून ते उजव्या कडेपासून 30 असे टाकले, तरी स्केच काळेच होते आणि वजनही बरोबर येते. पण परीक्षेच्या पुढच्या प्रश्नात बैठकीची लांबी 120 ऐवजी 130 केली की ते छिद्र आपल्या जागेवरून 10 मिलिमीटरने सरकते. ज्या कडेपासून माप दिले आहे, त्याच कडेपासून ते टाकावे.

साहित्य निवडायचे राहून गेले, तर सॉलिडवर्क्स पाण्याइतकी घनता धरते आणि उत्तर 176 ग्रॅमच्या आसपास येते. बिडाऐवजी पोलाद निवडले गेले, तर 1379. या दोन चुका आकड्यावरूनच ओळखता येतात.

प्रश्न : मी एका फाउंड्रीच्या डिझाइन विभागात काम करतो. परदेशी ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून मी मॉडेल केले, त्यावरून पॅटर्न (साचा उठवण्याचा ठोकळा) झाला, नमुन्याचे कास्टिंग निघाले आणि त्याचे वजन ड्रॉइंगवरील वजनाशी तंतोतंत जुळले. तरीही ग्राहकाने भाग डावा-उजवा उलटा असल्याचे सांगून परत पाठवला. वजन बरोबर असताना असे कसे झाले? — एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : आरशातील प्रतिबिंबाचे वजन मूळ वस्तूइतकेच असते, त्यामुळे वजनाच्या तपासणीत ही चूक कधीच सापडणार नाही. तिचे मूळ बहुधा प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे वस्तूच्या वेगवेगळ्या बाजूंचे व्ह्यू कागदावर मांडण्याच्या पद्धतीत, आहे. आपल्याकडे भारतीय मानकांप्रमाणे फर्स्ट अँगल पद्धत शिकवली जाते, तर अमेरिकेतील ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल रूढ आहे. फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे काढलेला व्ह्यू फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून पाहिलेला असतो आणि थर्ड अँगलमध्ये उजवीकडून पाहिलेला. ही अदलाबदल झाली की पुढची बाजू मागे जाते, आणि भाग फिरवून ठेवला की डावे-उजवे उलटलेले दिसते.

टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरील माहितीच्या चौकटीत, छाटलेल्या शंकूचे आणि दोन समकेंद्री वर्तुळांचे चिन्ह असते. शंकूचे निमुळते टोक वर्तुळांपासून दूर असेल तर फर्स्ट अँगल, वर्तुळांकडे असेल तर थर्ड. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये हे चिन्ह पुसट होते, म्हणून व्ह्यूमधील रेषांवरूनही खात्री करून घ्यावी. पहिल्या प्रश्नातील ब्रॅकेटचेच पाहा. भिंत मागच्या कडेशी असेल, तर फ्रंट व्ह्यूमध्ये तिच्या पायथ्याशी, 15 मिलिमीटर उंचीवर, बैठकीच्या वरच्या पृष्ठाची रेषा सलग दिसते. भिंत पुढच्या कडेशी समतल असेल, तर दोन्ही पृष्ठे एकच होतात आणि तेथे सलग रेषा राहत नाही, फार तर तुटक असते. साठ मिलिमीटर लांबीची ही एक रेषा भिंत पुढे की मागे याचा निकाल देते.

आकड्यांनी खात्री हवी असेल, तर गुरुत्वमध्य पाहावा. त्या ब्रॅकेटचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून 38.96 मिलिमीटरवर आहे. भाग उलटा झाला तर तो 21.04 वर येतो, वजन मात्र 1265 ग्रॅमच राहते. यासाठी मूळ बिंदू ड्रॉइंगच्या संदर्भ कडांशी जुळवलेला हवा, नाहीतर आकडा निरर्थक ठरतो. ग्राहकाकडे गुरुत्वमध्याची तीनही मूल्ये मागावीत, असे मी सुचवेन. त्यांच्याकडे मॉडेल असेल तर ती काढून द्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आता दुरुस्तीविषयी. मॉडेल पुन्हा पहिल्यापासून करण्याची गरज नाही. मिरर पार्ट या आज्ञेने त्याची उलटी प्रत मिळेल. ती मूळ फाइलशी जोडलेली ठेवू नये, अन्यथा उद्या कोणी जुनी फाइल बदलली की नवीही बदलेल. आणि कास्टिंगवर पार्ट नंबर किंवा ओत क्रमांक उठावाच्या अक्षरांत असेल, तर मिरर करताना तीही उलटतात. ती काढून नव्याने टाकावीत, आणि पॅटर्न करायला देण्यापूर्वी स्क्रीनवर एकदा मोठी करून वाचावीत.