टॅलीतील नोंदी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बी.कॉम. असून सांगलीतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात बरीच वर्षे नोकरी करते. खरेदी-विक्रीच्या बिलांच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणे, बँक स्टेटमेंट जुळवणे आणि जीएसटीची विवरणपत्रे तयार करणे हे माझे मुख्य काम. अलीकडे सरांनी एक नवे सॉफ्टवेअर घेतले आहे. बिलाचा फोटो दिला की ते स्वतःच नोंद करते, त्यामुळे दोन दिवसांचे काम दुपारपर्यंत उरकते. सर काही बोललेले नाहीत, परंतु एक मुलगा सोडून गेला त्याची जागा त्यांनी भरलेली नाही. माझे वय 41 आहे. आता प्रोग्रामिंग शिकावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची शंका अनाठायी नाही. जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी 2025 च्या अहवालातही कमी होत जाणाऱ्या कामांच्या यादीत डेटा एंट्री आणि हिशेबनीस कारकुनी यांचा समावेश आहे. मात्र तुमच्या पत्रात तीन कामे एका दमात लिहिलेली आहेत आणि त्यांचे भवितव्य सारखे नाही. बिल पाहून नोंद करण्याचे काम हातचे गेले असे धरून चाला. बँक स्टेटमेंट जुळवणेही त्याच वाटेवर आहे. विवरणपत्राचे तसे नाही, आणि ते का नाही हे एका बिलावरून पाहू.

समजा, तुमच्या कार्यालयाकडे किराणा मालाचे घाऊक व्यापारी आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूल असे दोन अशील आहेत आणि दोघांनीही एकाच वितरकाकडून एकाच प्रकारची पाच आसनी मोटार घेतली. दोन्ही बिलांवरचा मजकूर, कराचा दर आणि रक्कम सारखी. सॉफ्टवेअर दोन्हींची नोंद बिनचूक करील. परंतु जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार व्यापाऱ्याला त्या मोटारीवरील कराची वजावट (म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतः भरायच्या करातून वजा करण्याची सोय) मिळत नाही, तर वाहन चालवण्याचे प्रशिक्षण देणाऱ्याला, मोटार त्याच कामासाठी असेल तर, ती मिळते. मोटार खरोखर शिकवणीसाठी आहे की मालकाच्या घरी उभी असते, हे बिलावर कोठेच लिहिलेले नसते. ते अशिलाला ओळखणाऱ्या माणसाला ठाऊक असते. पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेली वजावट परत करावी लागते, तेथेही पैसे का अडकले, मालाबद्दल वाद आहे की नुसती चालढकल, हे विचारणारे कोणीतरी लागतेच.

दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून मिळू शकणाऱ्या वजावटीचा तक्ता, तयार होते आणि 20 तारखेपर्यंत 3बी हे कर भरण्याचे मासिक विवरणपत्र भरायचे असते. या सहा दिवसांतली तुमची धावपळ आठवा. खरेदीची वही आणि 2बी यांतील बिले ताडून पाहणे हा भाग यंत्र चुटकीसरशी करते. बिल क्रमांकात ‘0123’ आणि ‘123’ असा फरक असला तरी चांगले साधन ते ओळखते. मात्र न जुळलेल्या बिलांपैकी कोणत्या पुरवठादाराला फोन करायचा, कोणाचे विवरणपत्र उशिरा येते पण येते, आणि ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी पोर्टलवर आलेल्या इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये कोणते बिल स्वीकारायचे, कोणते नाकारायचे आणि कोणते प्रलंबित ठेवायचे, हा निर्णय अजून माणसाचाच आहे. माझ्या मते तुमचे पुढील काम येथे आहे. सॉफ्टवेअरने केलेल्या नोंदींत कोणत्या प्रकारच्या चुका वारंवार होतात याची स्वतःची एक वही ठेवायला आजच सुरुवात करा. दुरुस्ती आणि नूतनीकरण, भाडे आणि ठेव, मालकाचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च यांत गल्लत होण्याची शक्यता अधिक असते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणे बंधनकारक आहे. चूक यंत्राची असली, तरी ती मान्य करणाऱ्याचे नाव तेथे दिसते, हेही ध्यानात असू द्या.

प्रोग्रामिंगच्या मागे तुम्ही लागू नये. त्याऐवजी एक्सेलमधील पॉवर क्वेरी ही माहिती साफ करून जुळवण्याची सोय शिका. तुमच्याकडे रोज येणाऱ्या वेड्यावाकड्या फाइली सरळ करायला तेवढे पुरते. तुम्ही वाणिज्य पदवीधर आहात, तेव्हा जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे करदात्यांच्या वतीने विवरणपत्रे भरणारी अधिकृत व्यक्ती, म्हणून नोंदणीचा मार्गही तुम्हाला खुला आहे. त्यासाठीची नॅसिन या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा पुढे कधी आहे, हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावे. पगारावर त्याचा लगेच परिणाम होईलच असे नाही, परंतु नोंदी करणारी व्यक्ती आणि विवरणपत्राची जबाबदारी घेऊ शकणारी व्यक्ती यांत कार्यालय फरक करतेच.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून कर खात्याच्या नोटिशीच्या उत्तराचा कच्चा मसुदा घेण्यास हरकत नाही, फक्त त्यातील प्रत्येक कलम आणि प्रत्येक निवाडा मुळातून पडताळावा. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलरचा दंड केला होता. ते निवाडे याच साधनाने रचून दिले होते. तसेच अशिलाचा पॅन, बँक स्टेटमेंट किंवा ताळेबंद मोफत चॅटबॉटमध्ये कधीही टाकू नका. अशिलाची माहिती त्याच्या संमतीविना इतरांना देणे हे सनदी लेखापाल कायदा, 1949 नुसार गैरवर्तन ठरते आणि त्याची झळ तुमच्या सरांना बसेल.

आणि सरांशी बोला. ‘माझी नोकरी राहील का’ असे न विचारता, ‘न जुळलेली बिले आणि अशिलांचे फोन मी पाहू का’ असे विचारा. पहिल्या प्रश्नावर ते गुळमुळीत उत्तर देतील, दुसऱ्यावर बहुधा हो म्हणतील.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. येथील एक संस्था सहा महिन्यांच्या ‘एआय’ अभ्यासक्रमानंतर नोकरीची हमी देते. शुल्क 90,000 रुपये असून हप्त्यांनी भरता येते. प्रवेश घ्यावा का? — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : सध्या घेऊ नये. या विषयाची प्राथमिक ओळख केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावर विनामूल्य होते. प्रमाणपत्र हवे असल्यास तेवढे परीक्षेचे शुल्क पडते. ज्याने आजवर एकही ताळेबंद हाताने जुळवलेला नाही, त्याला यंत्राने जुळवलेल्या ताळेबंदातील चूक दिसणार नाही, म्हणून आधी एखाद्या कर सल्लागाराकडे, कमी पैशांत का होईना, वर्षभर काम करावे. तरीही प्रवेश घ्यायचाच असेल, तर ‘हमी’ या शब्दाचा अर्थ करारात काय दिला आहे ते वाचा, कारण अनेकदा ती केवळ मुलाखतींची हमी असते. हप्ते संस्थेकडे भरायचे आहेत की वित्त कंपनीकडे, हेही विचारा. दुसरे असेल तर ते तुमच्या किंवा वडिलांच्या नावावरचे कर्ज आहे, आणि वर्ग मध्येच बंद पडला तरी वित्त कंपनी हप्ता मागत राहील.