बजबजपुरी आणि डिस्टोपिया

एका भाषांतरकार मैत्रिणीचा प्रश्न: 'डिस्टोपिया'ला, म्हणजे कादंबऱ्यांत रंगवलेल्या भयाण काल्पनिक समाजाला, मराठीत 'बजबजपुरी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पण का चालणार नाही, तिथेच खरी गंमत आहे.

'बजबजपुरी' म्हणजे घाण, गर्दी, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. 'अंधेर नगरी'त भाजीही टका शेर आणि खाजाही टका शेर. 'पोपाबाईचं राज्य' म्हटलं की राज्य आहे, विचारणारं कोणी नाही. तिन्ही शब्द बेबंदशाहीला नावं ठेवतात. म्हणजे ते रुळवणाऱ्यांना हवा होता धरबंद, विचारणारा कोणी धनी.

डिस्टोपियात नेमका धरबंदच अंगावर येतो. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वुई' या कादंबरीत (इंग्रजीत आली १९२४ साली) माणसांना नावांऐवजी क्रमांक असतात, घरं काचेची आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा हासुद्धा कायदा. बजबजपुरीला विटलेल्या माणसाला हे शहर सुरुवातीला आवडायचंही! मला आवडलं होतं. मग कळलं की तिथे पडदे सोडायला गुलाबी कुपन लागतं, आणि माझी शिस्तीची हौस तिथल्या तिथे फिटली.

व्युत्पत्ती थोडक्यात: 'युटोपिया' हा टॉमस मोरचा १५१६ सालचा शब्द. ग्रीकमध्ये 'नसलेलं ठिकाण', पण उच्चारात 'चांगलं ठिकाण' अशीही कोटी. त्याला 'डिस्', म्हणजे वाईट, हा उपसर्ग लावून मार्च १८६८ मध्ये तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत, आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना, सरकारपक्षाला चिमटा काढला होता. कादंबऱ्यांना हे बिरुद नंतर चिकटलं.

आपल्याकडचा जवळचा शब्द म्हणजे 'अस्मानी-सुलतानी'तली सुलतानी. तीत संकट आभाळातून नव्हे, गादीवरून येतं. पण सुलतानीत रयत कण्हते, आपल्यावर जुलूम होतोय हे तिला ठाऊक असतं. हक्सलेच्या १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीतली माणसं सोमाच्या गोळ्या घेऊन मजेत आहेत. (हो, आपल्या वेदांतलाच सोम.) ऑर्वेलच्या १९४९ च्या '१९८४' या कादंबरीत सरकारी भाषेचा कोश दर आवृत्तीला बारीक होत जातो. शब्दकोश उशाशी घेऊन झोपणाऱ्या मला त्यातल्या छळाच्या खोलीपेक्षा तो कोशच जास्त लागला. कोणाला काय लागतं, त्यावरून कोण कशाला जपतो ते कळतं.

आणि काय लागत नाही, त्यावरूनही. मार्गारेट ॲटवुडच्या १९८५ च्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीतल्या बाईचं नाव 'ऑफ्रेड', म्हणजे 'ऑफ फ्रेड'; फ्रेड हा तिचा मालक. मराठीत सरळ षष्ठी लावा: 'फ्रेडची'. तिचं स्वतःचं नाव काढून घेतलेलं आहे. हे मी आईला रंगवून सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय एवढं, माझंही बदललंच की." लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं ते नवं नाव तिने पन्नास वर्षं वापरलंय. मला पुढे काही बोलता येईना.

तेव्हा शब्द कोणता? 'दुःस्वप्नलोक' सुचवला जातो, पण स्वप्नातून जाग येते. या गावांतून ती सोय नाही. मी सरळ 'डिस्टोपिया' ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे 'शिस्तीतली सुलतानी' असं जोडून. 'बजबजपुरी' खड्ड्यांच्या बातम्यांना राहू दे.