प्रयोगशाळा दिली म्हणून लेखकत्व?

प्रश्न : माझा वैद्यकीय शोधनिबंध तयार आहे. विभागप्रमुखांनी फक्त प्रयोगशाळा वापरू दिली, तरी लेखक म्हणून त्यांचं नाव घालायला सांगितलं जातंय. घालावं का?

उत्तर : नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकत्वासाठी चार अटी सांगते : अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या सुधारणा करणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. जागा, निधी किंवा सर्वसाधारण देखरेख एवढ्यावर लेखकत्व मिळत नाही. सरांचे आभार जरूर माना, पण त्यासाठीही त्यांची लेखी परवानगी घ्या.

सरांना तोंडावर नकार देणं अवघड असतं, हे आम्ही जाणतो. म्हणून नियतकालिकाच्या लेखक-सूचना छापून घ्या आणि मार्गदर्शकांसोबत जाऊन भेटा. सरांना खरंच सहभागी व्हायचं असेल, तर विश्लेषण तपासायला आणि मसुदा सुधारायला आत्ताच द्या. तो वाटा मात्र खरा हवा.

‘आधी पाठवू, नाव नंतर घालू’ हे तर करूच नका. निबंध पाठवल्यावर यादी बदलायची तर संपादक कारण आणि सर्व लेखकांची लेखी संमती मागतात, तोवर काम अडतं. आणि उद्या आकडेवारीत खोट निघाली, तर उत्तर द्यायला त्या सरांनाही उभं राहावं लागेल. हे त्यांना जरूर सांगा.