कंपायलरवर खापर फोडण्याआधी

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

तुझ्या सी प्रोग्रामबद्दल ‘ओ-झिरोवर बरोबर, ओ-टूवर चूक, म्हणून जीसीसीचा ऑप्टिमायझर बिघडलाय,’ असं लिहिलंयस. जीसीसी म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, आणि ऑप्टिमायझर हा त्यातला कोड वेगवान करणारा भाग; ओ-झिरोवर तो जवळजवळ बंद, ओ-टूवर चालू. यातलं ‘म्हणून’ तेवढं खोड. व्हेरिएबलला व्होलॅटाइल हा शब्द लावल्यावर बग गायब झाला, हाही पुरावा नव्हे. त्याने कंपायलरला व्हेरिएबल दरवेळी मेमरीतून वाचावं लागतं, एवढंच. दुखणं झाकलं जातं.

आधी जागा शोध. ४० फाइल्स आहेत ना? २० ओ-झिरोने, २० ओ-टूने कंपाइल करून लिंक कर. ओ-टूच्या ज्या निम्म्यात चूक दिसेल, तिचे पुन्हा दोन भाग. फार तर ६ बिल्डमध्ये एक फाइल हाती लागते. घणसोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्येही होईल, बसायला मिळालं तर. एलटीओ, म्हणजे लिंक करताना सगळ्या फाइल्स एकत्र ऑप्टिमाइझ करणं, मात्र बंद ठेव.

तू पाठवलेल्या फंक्शनचाच मला संशय आहे. ‘नवा = जुना + १००’, आणि पुढच्या ओळीत ‘नवा < जुना’ असेल तर ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला, असं समजून परत. इंटची, म्हणजे सीमधल्या पूर्णांकाची, कमाल मर्यादा २१४७४८३६४७. ती ओलांडल्यावर काय व्हावं हे सीच्या नियमांत ठरलेलंच नाही. म्हणून ओव्हरफ्लो होणारच नाही असं कंपायलर धरून चालतो. मग १०० मिळवून आकडा लहान कसा होईल? अट कायम खोटी, उडव. असेंब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेला यंत्राजवळचा कोड, काढून बघ, ती तुलना सापडणार नाही. याच धर्तीची तक्रार २००७ मध्ये जीसीसीच्या बगझिला या बग-नोंदवहीत ३०४७५ क्रमांकाने आली होती. वादावादी बरीच झाली, जीसीसीवाले बधले नाहीत. तपासणी बेरजेच्या आधी कर: ‘जुना > इंट-मॅक्स − १००’; इंट-मॅक्स म्हणजे तीच कमाल मर्यादा.

खात्रीसाठी यूबीसॅन, म्हणजे प्रोग्राम चालताना असे नियमभंग पकडणारी तपासणी, लावून तेच इनपुट चालव. फाइल आणि ओळ छापून देईल. किंमत न दिलेलं व्हेरिएबल त्याला सहसा सापडत नाही, त्यासाठी व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं साधन. अ‍ॅरेबाहेर हात गेला असेल तर एसॅन ही चुकीच्या पत्त्याची तपासणी.

एफ-रॅप-व्ही या फ्लॅगने मर्यादा ओलांडलेला आकडा गोल फिरून उलट टोकाला जातो असं ठरतं; त्याने चूक गेली तर संशय ओव्हरफ्लोवर. वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत, हे कंपायलरचं गृहीतक एफ-नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग बंद करतो; त्याने गेली तर पॉइंटरच्या कास्टवर, म्हणजे प्रकार बदलण्यावर. फ्लोटचे बिट इंट पॉइंटरने वाचले असशील, तिथे मेमकॉपी हे बाइट्स कॉपी करणारं फंक्शन वापर. रिपोर्ट पाठवण्याआधी हे दोन्ही फ्लॅग लावून बघा, असं जीसीसीवालेच सांगतात. मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, मात्र ते कायमचे ठेवू नकोस. लिनक्स कर्नलमध्ये दुसरा असतो, पण तो जाणूनबुजून.

व्होलॅटाइल आजच काढ. त्याआधी चूक दाखवणारी इनपुट फाइल कॉपी करून ठेव.