आयर्लंडमधल्या एका खेड्यात नुकतेच राहायला आलोय. शेजारच्या आजी ‘आयसीएच्या बैठकीला चल’ म्हणून मागे लागल्यात. ही संस्था नेमकी काय आहे? मी जावं का?

जा. आणि पहिल्या वेळी आजींच्या गाडीतूनच जा, म्हणजे हॉलच्या दारातून एकटीनं आत शिरावं लागणार नाही.

मी लाउथ काउंटीत राहते. गेली अकरा वर्षं इथल्या गिल्डची सभासद आहे. गिल्ड म्हणजे आयसीएची, आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशनची, गावातली शाखा. मीही शेजारणीच्या आग्रहानंच गेले होते. पहिल्या बैठकीत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, आलेली पत्रं वाचली, जमाखर्च सांगितला, मग स्कोनची, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या गोडसर पावांची, स्पर्धा आणि शेवटी चहा. बायका प्रेमळ होत्या, पण त्यांचे उच्चार मला निम्मे कळत नव्हते आणि पुन्हा यावं असं काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत चहाच्या कपबश्या विसळताना ऐंशी ओलांडलेल्या एक बाई सहज बोलून गेल्या, ‘मी लग्न होऊन इथं आले तेव्हा हे पाणी विहिरीवरून आणायचो.’ दोन हातांत दोन बादल्या. घरचं पाणी, वासरांचं पाणी, कपडे धुवायच्या दिवशी तर खेपांवर खेपा. माझं माहेर माण तालुक्यातलं. टँकर आला की आईच्या मागोमाग हंडा घेऊन मी धावलेली आहे. एवढा पाऊस पडणाऱ्या देशातल्या बाईच्या खांद्यालाही तीच रग लागत होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी या संस्थेचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात १९१० ची, वेक्सफर्ड काउंटीतल्या ब्री या गावी. अनिटा लेट या शेतकरी घरातल्या बाईंनी ‘युनायटेड आयरिशविमेन’ नावानं संस्था काढली. हॉरेस प्लंकेट यांची सहकारी चळवळ तेव्हा जोरात होती, गावोगाव क्रीमरी, म्हणजे दुधापासून लोणी काढणारे कारखाने, निघत होत्या. पण घरी लोणी काढून विकण्यातून बाईच्या हाती येणारा पैसाही त्या क्रीमरीकडेच जाऊ लागला होता. सहकार आला तरी खेड्यातली बाई एकटीच राहिली, ही खंत या संस्थेच्या मुळाशी आहे. १९३५ मध्ये आजचं नाव मिळालं.

धर्म आणि पक्षाचं राजकारण दाराबाहेर ठेवायचं, हा नियम पहिल्यापासूनचा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायका एका टेबलाशी बसून शिवण शिकतात, ही गोष्ट या देशात किती मोठी होती ते इथं राहिल्यावर हळूहळू समजतं.

आता पाण्याबद्दल, कारण माझा जीव तिथंच अडकला आहे. इथल्या खेड्यांत वीज न्यायची योजना १९४६ मध्ये सुरू झाली. आयसीएनं वीज मंडळाबरोबर नमुना स्वयंपाकघरं मांडून दाखवली, गावोगाव प्रचार केला. वीज आली, पण पुष्कळ घरांत नळ आलाच नाही. १९६० च्या आसपास नळयोजना पुढे आल्या तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनेनं विरोध केला, कारण रेट्स म्हणजे स्थानिक कर वाढणार होता. आयसीएच्या बायका नळाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी जणींचे नवरे त्या दुसऱ्या संघटनेत असणार! कर पुरुषाच्या नावानं यायचा, बादली मात्र बाईच्या हातात असायची. घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर हा वाद घालणं किती अवघड गेलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आयसीएतल्या विणकाम-भरतकामालाही मी आता कमी लेखत नाही, कारण त्यातूनही बाईच्या हाती पैसा आला. संस्थेच्या एक मोठ्या कार्यकर्त्या म्यूरिएल गाहन यांनी १९३० मध्ये डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनवर ‘द कंट्री शॉप’ उघडलं आणि खेड्यातल्या विणकरांच्या मालाला शहरात रास्त भाव मिळवून दिला. टिपररीतल्या फेदर्डच्या ऑलिव्हिया ह्यूज यांच्याबरोबर त्यांनी पुढे कंट्री मार्केट्स उभी केली. तिथं घरची अंडी, भाजी, केक, लोकर विकून आलेले पैसे थेट बाईच्या हातात पडायचे. आपल्या बचत गटांच्या बायका हे चटकन ओळखतील. आमच्या काउंटीतल्या टर्मनफेकिनला १९५४ मध्ये ‘अन ग्रियनान’ हे निवासी शिक्षण केंद्र सुरू झालं, अमेरिकेतल्या केलॉग फाउंडेशनच्या पैशातून. चार दिवस घर सोडून फक्त शिकायला जायचं! आमच्या गिल्डमधल्या थोरल्या बायका त्या दिवसांबद्दल अजून माहेरपणाबद्दल बोलावं तसं बोलतात.

आता थोडं व्यवहाराचं. तुम्ही तिथं बहुधा सगळ्यांत तरुण असाल. सभासद घटत चाललेत, काही गिल्ड बंदही पडली, त्यामुळे नवी बाई आली की यांना मनापासून आनंद होतो आणि प्रश्नही खूप विचारतात. मोकळेपणानं उत्तरं द्या. एखादी बैठक अगदी कंटाळवाणी जाईल, तरी पुढच्या महिन्यात जा. आणि चहानंतर कपबश्या विसळायला थांबा, खऱ्या गप्पा तिथंच होतात.

माझी ओळख तिथं खऱ्या अर्थानं झाली ती गोधडीमुळे. पॅचवर्कचा वर्ग होता. मी आजीच्या हातची गोधडी नेली, जुन्या लुगड्याची, कडेकडेनं आत येणारा धावदोरा घातलेली. बायकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, टाके मोजले, दाभण कसं धरायचं ते विचारलं. दुसऱ्या महिन्यात चौघी जणी घरातल्या जुन्या चादरी घेऊन हजर! तुमच्याकडे तशी एखादी असेल तर नक्की न्या. आमचं गिल्ड जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतं, तुमच्याकडचं वेळापत्रक तेवढं आजींना विचारून ठेवा.